बालगंधर्व रंगमंदिराचे वर्धापनदिन : जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी नोंदवताना काय विचारायचं, कसं पडताळायचं?

रंगपट६० (प्रश्न)

मंडळी, २६ जून २०२८ ला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराला साठ वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने तिथे पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या पाच-सहा जणांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचा बेत आहे. नटांच्या, गायकांच्या मुलाखती ढिगाने आहेत. बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्याची, दारावर टॉर्च घेऊन उभं राहणाऱ्याची, दिव्यांच्या बोर्डावरच्या माणसाची मुलाखत शोधून सापडत नाही. विषय मुद्दाम आवळून ठेवला आहे : फक्त वर्धापनदिन.

अडचणी अशा :

१. "वर्धापनदिन कसा असायचा?" विचारलं की "खूप गर्दी, मोठमोठी माणसं, छान व्हायचं" एवढंच उत्तर येतं. पुढे गाडी सरकत नाही.

२. साल जुळत नाही. सुवर्णमहोत्सव कुणी २०१७ चा सांगतं, कुणी २०१८ चा. एक काका तर ठामपणे सांगतात की रंगमंदिराची 'शताब्दी' त्यांनी ड्युटीवर असताना पाहिली आहे. साठीसुद्धा न झालेल्या वास्तूची शताब्दी!

३. फोटो, निमंत्रणपत्रिका आणि दोन-तीन ऑडिओ कॅसेट मिळाल्यात. हात लावायची भीती वाटते.

४. त्या दिवशी मंचावरून पंधरा-वीस मिनिटांचं काहीतरी ऐकवायचं आहे. सलग ऐकवावं की तुकड्यांत?

---

तिसरी घंटा

तुमचा प्रश्न प्रेक्षागृहातल्या खुर्चीत बसून विचारलेला आहे. ज्यांना विचारताय ते त्या खुर्चीत कधी बसलेच नाहीत. वर्धापनदिन म्हणजे त्यांच्यासाठी समारंभ नव्हे, जास्तीची ड्युटी. म्हणून "कसा असायचा" हे टाळा आणि "त्या दिवशी कुलूप किती वाजता उघडायचं, किल्ली कुणाकडे?" इथून सुरुवात करा. मग माणूस आपोआप दाराच्या आत जातो.

एरवीच्या दिवशी कामाला ठरलेली चाल असते. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री असे तीन प्रयोग. एक सेट बाहेर, दुसरा आत, मधे झाडू, मग घंटा. वर्धापनदिनाला ही चाल मोडते. नाटकाच्या जोडीला लावणी, एकपात्री, वाद्यवृंद, सत्कार असं सगळं एका मंचावर येतं आणि प्रत्येकाची गरज वेगळी. लावणीला ढोलकीसाठी वेगळा माईक लागतो आणि चाळांचा आवाज उचलायला एक माईक जमिनीलगत ठेवावा लागतो. वाद्यवृंदाला दहा-बारा माईक आणि की-बोर्डसाठी जागेवर वीज. सत्काराला टेबल, खुर्च्या, शालींचं तबक. हे बदल दहा मिनिटांत कोण करायचं, कुठल्या विंगेतून काय आत यायचं, हे विचारा. तुम्हाला हवा असलेला वर्धापनदिन त्या दहा मिनिटांत आहे.

नेमके प्रश्न हवे असतील तर मंचापासून सुरू करा. नटराजपूजनाचा नारळ कुठे फोडायचे? लाकडी मंचावर फोडला तर पाणी फळ्यांच्या फटींत जातं आणि जवळ वायर पडलेली असेल तर धोका. म्हणून विंगेत दगड ठेवतात किंवा खाली ताट धरतात. समईचं तेल सांडलं की पुढची नृत्याची मुलगी घसरणार हे ठरलेलं. तेल नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही, पसरतं. आधी भुसा किंवा रद्दी टाकून टिपायचं, मग साबणाचं फडकं, मग कोरडं. पुष्पवृष्टीच्या गुलाबपाकळ्यांचंही तेच, चिरडल्या की शेवाळासारख्या निसरड्या होतात. दर्शनी पडद्याच्या कडेला झेंडूच्या माळा लावल्या असतील तर पडदा सरकताना त्या दोरीच्या कप्पीत जातात आणि पडदा अर्ध्यावर अडकतो. हे सगळं कुणी निस्तरलं ते विचारा. समारंभाचं कौतुक चार वाक्यांत आटपतं, अडकलेल्या पडद्याबद्दल मात्र माणूस अर्धा तास बोलतो.

दुसरं, २६ जून म्हणजे पुण्यात पाऊस. शंभरातल्या नव्वद मुलाखतकारांना हे सुचत नाही. ओल्या छत्र्या कुठे ठेवून घ्यायच्या? दारात गोणपाट टाकायचे का? फॉयरमधल्या (प्रवेशदालनातल्या) रांगोळीचं काय व्हायचं? पावसाने प्रेक्षक उशिरा आले की तिसरी घंटा कुणाच्या सांगण्यावरून थांबायची? त्याच दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिन. पाहुण्यांना आणखी दोन-तीन कार्यक्रम असतात. पुढच्या रांगा राखीव ठेवलेल्या, पाहुणे आलेले नाहीत आणि मागे लोक उभे. ही वेळ दारावरच्या माणसाने कशी निभावली ते त्यालाच ठाऊक.

बुकिंगवाल्याला पासांबद्दल विचारा. रंगमंदिर ९८९ आसनांचं. तिकिटाच्या प्रयोगाला प्लॅनवर (खुर्च्यांच्या नकाशावर) खूण झाली की ती खुर्ची गेली, हिशेब सरळ. पासांच्या कार्यक्रमाला खुर्चीचा नंबरच नसतो, मग कोण कुठे बसला याला धरबंध राहत नाही. किती पास वाटले, त्यातले किती येतील, राखीव रांगा कधी सोडायच्या, हा अंदाज कशावरून बांधायचे?

आणि मुलाखत घरी घेऊ नका. शक्य असेल तर रिकाम्या वेळेत रंगमंदिरातच, त्यांच्या नेहमीच्या जागी घ्या. जमत नसेल तर हातात वस्तू द्या : टॉर्च, जुन्या तिकिटाचं अर्धुक, प्लॅनचा कोरा कागद. टॉर्च हातात आला की डोअरकीपर तो आपसूक खाली, पायरीवर धरतो. प्रकाश प्रेक्षकाच्या डोळ्यांवर नको आणि मंचावरूनही दिसायला नको, म्हणून. तिथून बोलणं सुरू होतं.

---

डिमरबोर्ड

दिव्यांच्या माणसासाठी थोडी भर.

त्यांना "कोणकोणते दिवे होते" असं विचारलंत तर यादी मिळेल. "लोड कसा वाटायचे" विचारा. १,००० वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण सव्वाचार अँपिअर घेतो. असे चोवीस एकदम लागले की २४ किलोवॉट. तिन्ही फेजवर (वीजपुरवठ्याच्या तीन वेगळ्या तारांवर) नीट वाटले तर फेजमागे ३५ अँपिअर, सगळे एकावर आले तर शंभरच्या वर. रोजच्या नाटकाला हे गणित बसलेलं असतं. वर्धापनदिनाला बाहेर रोषणाईच्या माळा, मंडपाचे फोकस आणि चहाची शेगडी अशी भर पडते, आणि डेकोरेटरचा माणूस जवळ दिसेल त्या पॉइंटवरून वायर ओढतो. तो पॉइंट मंचाच्याच फेजवर निघाला की ऐन सत्काराच्या वेळी फ्यूज जातो. ज्यांच्या आठवणीत "अचानक अंधार झाला" असं आहे, त्यांना पुढचा प्रश्न हा : अंधार अर्ध्या मंचावर की सगळीकडे? अर्धा मंच गेला असेल तर एक फेज गेला. रस्त्यावरचे दिवेही गेले असतील तर तो दोष आतला नव्हे. या एका प्रश्नावर आठवण खरी की ऐकीव तेही कळतं.

डिमरच्या, म्हणजे दिवे मंद करणाऱ्या बोर्डाच्या, पिढ्या लक्षात ठेवा, म्हणजे बोलणं कोणत्या काळाचं आहे ते समजेल. रेझिस्टन्स डिमरमध्ये दिवा मंद केला की उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जायची. त्यामुळे मंद प्रकाशाच्या प्रवेशात बोर्डावरचा माणूस घामाघूम. (त्याच्याही आधी फिरत्या कंपन्या मातीच्या नळकांड्यात मिठाचं पाणी भरून त्यात पत्रा वर-खाली करायच्या, पण इतकं जुनं तुमच्यापैकी कुणी हाताळलेलं नसणार.) मग थायरिस्टरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, डिमर आले. उष्णता कमी झाली, पण दिवा मंद केला की त्याची तार गुणगुणते आणि ध्वनीची वायर डिमरच्या वायरीला समांतर गेली असेल तर स्पीकरमध्ये घरघर येते. वर्धापनदिनाला पाहुण्या वाद्यवृंदाच्या वायरी कुठूनही जातात, म्हणून ही तक्रार त्या दिवशी हमखास. उपाय साधा, वायरी एकमेकींना काटकोनात ओलांडायच्या आणि ध्वनीला वेगळा फेज द्यायचा. त्यानंतर डीएमएक्स (संगणकी आज्ञांनी दिवे चालवायची पद्धत) आणि एलईडी. जिलेटिन पेपर (दिव्यापुढे लावायचे रंगीत कागद) गेले, उष्णता गेली आणि "निळा जळला, दुसरा लाव" ही हाकही गेली. गडद निळा जिलेटिन सगळ्यात लवकर का जायचा, हे जरूर विचारा. तो बहुतेक प्रकाश अडवतो आणि अडवलेला प्रकाश कागदातच उष्णता होऊन बसतो, म्हणून आधी मधोमध फिका पडतो, मग सुरकुततो.

फोटोंबद्दल एक. रंगीत फोटो नारिंगी दिसतोय म्हणजे तो जुना होऊन बिघडला असं समजू नका. साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी केलेली असते, मंचावरचा हॅलोजन त्याहून बराच पिवळा. फ्लॅश न मारता काढलेला फोटो पहिल्या दिवसापासून नारिंगीच असतो. स्कॅन करताना तो 'दुरुस्त' करू नका. मूळ रंग ठेवून एक प्रत काढा, दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर.

मुलाखत बोर्डरूममध्ये घेणार असाल तर डिमर बंद करून घ्या. ती गुणगुण नंतर काढता येते, पण तिच्याबरोबर माणसाचा खर्जही जातो.

---

नोंदवही

काकांच्या शताब्दीचं कोडं सोपं आहे. ते खोटं बोलत नाहीत.

बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा. त्यांच्या हस्ते रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला बसली. १५ जुलै १९६७ ला ते गेले, आणि उद्घाटन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला झालं. त्यामुळे दरवर्षी एकाच तारखेला दोन गोष्टी येतात : माणसाची जयंती आणि वास्तूचा वर्धापनदिन. २६ जून १९८८ ला बालगंधर्वांची जन्मशताब्दी होती आणि त्याच दिवशी रंगमंदिराला वीस वर्षं पूर्ण झाली. काकांनी शताब्दीच पाहिली, फक्त ती माणसाची. २०१३ ला जन्माची १२५ वर्षं आणि वास्तूची ४५, तिथेही हाच घोळ मिळेल. बोलणारा 'शताब्दी', 'सव्वाशे' म्हणाला की थांबवून दुरुस्त करू नका. शेवटी एकदा विचारा, "फलकावर कुणाचं नाव होतं, बालगंधर्वांचं की रंगमंदिराचं?"

२०१७-१८ चा वाद हा 'लागलं' आणि 'संपलं' यांचा आहे. २६ जून २०१७ ला पन्नासावं वर्ष लागलं, २६ जून २०१८ ला पन्नास वर्षं पूर्ण झाली. संस्था दोन्ही दिवस साजरे करतात, 'सुवर्णमहोत्सवी वर्षाचा शुभारंभ' आणि 'सांगता'. दोघंही बरोबर असू शकतात. नोंदवहीत 'सुवर्णमहोत्सव' हा शब्द एकटा लिहू नका; पुढे 'आरंभ' किंवा 'सांगता' लिहाच. रौप्यमहोत्सवालाही तेच, २५ वर्षं पूर्ण झाली ती २६ जून १९९३ ला.

तिसरा घोळ कोनशिलेचा. दगडावर कोरलेलं साल डोळ्यांसमोर रोज असतं, म्हणून उद्घाटन '६२ चं सांगणारे भेटतील.

आता पडताळणी. "साल कोणतं?" हा प्रश्न निरुपयोगी, "वार कोणता?" हा उपयोगी, कारण ड्युटी वारावर असते. "रविवार होता, सगळे शो रद्द केले होते" असं कुणी म्हणालं तर यादी आपोआप लहान होते. १९६८ पासून आजवर २६ जून रविवारी आला तो फक्त १९७७, १९८३, १९८८, १९९४, २००५, २०११, २०१६ आणि २०२२ ला. त्यात बोलणारा नोकरीत कधी लागला ते धरलं की दोन-तीनच सालं उरतात. (२०२८ ला सोमवार आहे, तुमच्या नियोजनासाठी.)

दुसरा खुंटा सार्वजनिक घटनांचा. आणीबाणी देशाला कळली ती २६ जून १९७५ च्या सकाळी, म्हणजे नेमकी सातव्या वर्धापनदिनी. त्या काळातलं कुणी हयात असेल तर हा प्रश्न सोडू नका. अगदी अलीकडचा खुंटा म्हणजे टाळेबंदी. राज्यातली नाट्यगृहं मार्च २०२० ला बंद झाली, नोव्हेंबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. म्हणजे २६ जून २०२० आणि २०२१, दोन्ही वर्धापनदिन रिकाम्या खुर्च्यांसमोर. तेव्हा आत कोण जायचं, पडद्यांना वास यायला लागला का, उंदरांनी कोणत्या वायरी कुरतडल्या, एसी किती दिवसांनी फिरवायचे, हे आत्ता विचारलं नाही तर पुढे कुणी सांगणार नाही.

यंत्राचं थोडक्यात. फोन चालेल, पण विमान-मोडवर टाकून आणि त्याला कॉलरचा माईक जोडून. माईक हनुवटीपासून वीतभर खाली, सदऱ्याच्या मधल्या पट्टीवर. साडीच्या पदरावर लावला तर सळसळ येते, ब्लाऊजच्या कडेला लावा. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, म्हणजे तासाला साधारण ५२० एमबी. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हसताना आवाज दुप्पट होतो आणि एकदा फाटला की फाटला. पंखा बंद. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या, तुकडे जोडताना तो मधे भरता येतो. एक बैठक तासा-सव्वा तासाची, त्यापुढे माणूस थकतो आणि "हो, तसंच" म्हणायला लागतो. दुसरी बैठक आठवड्याने घ्या. मधल्या दिवसांत बरंच आठवतं.

सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं काम आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे ध्वनिमुद्रणातच बोलून घ्या. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. आवाज कुठे ऐकवणार, लेखी उतारा छापणार का, नाव घालायचं की नुसतं काम, आणि नंतर एखादा भाग काढायला सांगता येईल का. निवृत्तांना अडचण नाही. अजून नोकरीत असलेल्यांसाठी आधी खात्याची लेखी परवानगी घ्या, नाहीतर त्रास त्यांना होतो. उतरवून काढायला एका तासाला पाच-सहा तास धरा. बोली जशीच्या तशी ठेवा. "लाईट गेली" चं "विद्युतपुरवठा खंडित झाला" करणारे संपादक दूर ठेवा.

---

जुना कागद

फोटो आणि पत्रिकांना लॅमिनेशन करू नका. हे पहिलं, दुसरं आणि तिसरं. उष्णतेने शाई हलते आणि ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही.

चिकट पानांच्या अल्बममधले (वरून पारदर्शक कागद असलेले) फोटो ओढून काढू नका. दातांत घालायचा दोरा फोटोच्या मागून एका कोपऱ्यातून करवतीसारखा पुढे-मागे करत न्या. अडकला तर थांबा आणि पान अख्खं स्कॅन करा. स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ फाइल. चार बाय सहाचा रंगीत फोटो सव्वीसेक एमबीचा होतो. पत्रिकांना ४०० पुरे. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. मागे बॉलपेनने काही लिहू नका, उठाव पुढून दिसतो. नंबर पाकिटावर लिहा.

फोटो ओळखून घेताना "हे कोण?" पेक्षा "हा फोटो कुठे उभं राहून काढलाय?" हे आधी विचारा. जागा कळली की माणसं आठवतात. मागे फॉयरमध्ये चित्रकार गोपाळ देऊसकरांची तैलचित्रं दिसत असतील तर त्यांच्या शेजारी काय टांगलं आहे, खुर्च्यांचं कापड कोणतं आहे, यावरून नूतनीकरणाच्या आधीचा की नंतरचा ते लागतं.

संगणकीय तिकिटं आणि पावत्या उष्णतेच्या कागदावर असतील तर आजच स्कॅन करा. चार-पाच वर्षांत कोरी होतात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली आणखी लवकर.

कॅसेट : आधी मागच्या कडेची दोन्ही लहान झाकणं मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. आत पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. वाजवू नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. स्वच्छ असेल तर न वाजवता एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून वेटोळी एकमेकांना धरून बसतात, ती सुटतात. सी-९० ची फीत सी-६० पेक्षा पातळ, ती जास्त जपून. वाजवायचं यंत्र रबरी पट्टा नवीन घातलेलं हवं. सैल पट्ट्यावर आवाज लडखडतो आणि लोकांना वाटतं कॅसेटच गेली. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवा, "आधी ऐकून बघू" म्हणत बसू नका. दुसरी संधी प्रत्येक वेळी मिळत नाही.

---

करवीरकर

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. या सगळ्याच्या प्रती रंगमंदिराच्या इमारतीत ठेवू नका. ठेवल्या तर एकच, बाकी दोन बाहेर.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी बांधवलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्यानंतर आतलं काय-काय कसं होतं याचा शोध सुरू झाला तेव्हा समारंभाचे फोटो भरपूर निघतात, पण त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे पाहुणे. छताची कैची, दोऱ्यांच्या कप्प्या, मंचाखालची जागा यांचे फोटो कुणी काढत नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या आठवणी घेतानाच मोजमापंही बोलून घ्या. पडदा ओढायला किती दोऱ्या, कोणत्या बाजूला, वर जायची शिडी कुठे, फ्लॅट (सेटची उभी चौकट) कोणत्या दारातून आडवा करून आणावा लागतो. बालगंधर्वच्या पुनर्विकासाची चर्चाही बरीच वर्षं चालू आहे. जे होईल ते होईल, पण आजचं माप आज लिहिलेलं बरं.

---

रंगपट६०

नोंदवही, शताब्दीचं कोडं सोडवल्याबद्दल दंडवत. काकांना सांगतो, ते खूश होतील. आता चौथा मुद्दा राहिला. आमच्यातले काही म्हणतात, ध्वनिमुद्रण कशाला, त्यांनाच मंचावर बसवून बोलतं करू.

---

तिसरी घंटा

सत्काराला जरूर बोलवा, मुलाखतीला नको. तीस वर्षं विंगेत उभा राहिलेला माणूस समोर दिवे आले की दोन वाक्यांत गप्प होतो. शिवाय वर्धापनदिनाला भाषणं लांबतात आणि कापाकापी नेहमी शेवटच्या कार्यक्रमाची होते. तो शेवटचा कार्यक्रम यांचाच असणार.

वीस मिनिटं सलगही नको. दोन ते अडीच मिनिटांचे सहा-सात तुकडे करा आणि दोन कार्यक्रमांच्या मधे, पडदा बंद असताना ऐकवा. तो वेळ तसाही माईक हलवण्यात जातो आणि निवेदक काहीतरी बोलून भरून काढतो. प्रेक्षागृहाचे दिवे निम्म्यावर, पडद्यावर फक्त एक मंद स्पॉट. पडद्यामागे सामान सरकत असतानाच सामान सरकवणाऱ्याचा आवाज लोकांनी ऐकावा. चित्रफीत वगैरे नको. प्रोजेक्टरसाठी पडदा उघडावा लागतो आणि मागची आवराआवर थांबते.

तुकडे निवडताना प्रत्येकात एकच काम ठेवा : एकात तेल पुसणं, एकात राखीव रांगा सोडणं, एकात फ्यूज. पाहुण्यांची नावं घेणारा भाग सगळ्यात आधी गाळा. फाइल मोनो ठेवा, नाहीतर एका बाजूच्या स्पीकरजवळ बसलेल्यांना अर्धंच ऐकू येतं. चाचणी रिकाम्या प्रेक्षागृहात कराल तेव्हा आवाज मोठा आणि घुमणारा वाटेल. भरल्यावर माणसं आणि कपडे तो पितात आणि जूनमध्ये ओल्या रेनकोटांची कुजबुज वेगळीच. म्हणून चाचणीत बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत एकाला बसवा, त्याला प्रत्येक शब्द कळेल इतका आवाज ठेवा आणि प्रत्यक्ष वेळी त्याहून थोडा वाढवा.

---

डिमरबोर्ड

आणि तो मंद स्पॉट एलईडीचा नको. कमी प्रकाशात स्वस्त एलईडी फडफडतो आणि बंद होताना टप्प्याने जातो. एक जुना हॅलोजन शोधा, चाळीस टक्क्यांवर ठेवा. सकाळीच लावून बघा. बरेच महिने न लावलेल्या दिव्यावर धूळ असते, पहिल्यांदा तापला की जळका वास सुटतो आणि प्रेक्षक उठून उभे राहतात.